झाकलेला वाफा

घड्याळजींना उघडून पाहिल्याशिवाय चैन पडत नसे. स्वभाव म्हणा, नाहीतर धंद्याने लावलेली खोड म्हणा. गिऱ्हाईक दुकानात येऊन म्हणे, "चालतंय उत्तम, फक्त पट्टा बदलून द्या," आणि तो रस्त्याकडे बघून मान वळवेपर्यंत घड्याळाचं झाकण उघडलेलं असे. आत सगळं जागच्या जागी असे. घड्याळजी डोळ्याला लावलेल्या भिंगातून क्षणभर बघत, समाधानाने हुंकार देत आणि झाकण बसवून टाकत.

"चालत होतं ना?" गिऱ्हाईक विचारी.

"चालत होतं. आता मलाही कळलं," ते म्हणत.

हाताला थरथर सुटली तेव्हा त्यांनी दुकान बंद केलं. दुकान म्हणजे घराचीच रस्त्याकडची खोली, त्यामुळे बंद करणं म्हणजे मधलं दार ओढून घेणं, एवढंच. लोक न्यायला आलेच नाहीत अशी घड्याळं त्यांनी घरात आणून भिंतींना लावली. बायको होती तोवर तीच दर रविवारी सगळ्यांना चावी देत फिरायची. ती गेली आणि घड्याळं एकेक करून थांबली, ज्याचा दम जिथे संपला तिथे. स्वयंपाकघरात कायमची सकाळ होती, जिन्यात भर दुपार, आणि घड्याळजी निजायचे त्या खोलीत दिवेलागणीची वेळ. या वेळांमधून ये-जा करायची त्यांना सवय झाली होती. पाणी प्यायला सकाळीत जायचं, ग्लास विसळायचा, आणि परत संध्याकाळीत येऊन पडायचं.

फाटकापाशी एक मोठं झाड होतं. ते वाळत चाललं होतं, एक फांदी रस्त्यावर पडलीही होती, म्हणून ते कापायला माणसं आली. त्यांच्यातल्या मुख्य माणसाला सगळे झाडवाला म्हणत होते. त्याच्याकडे एक गुरगुरणारं यंत्र होतं. एका बाजूने फांदी घातली की दुसऱ्या बाजूने लाकडाच्या ढलप्या उडायच्या. काही ढीग होऊन पडल्या, काही अंगणभर, पायवाटेवर, भिंतीच्या कडेला विखुरल्या. सगळीकडे ओल्या लाकडाचा गोड, कच्चा वास भरून राहिला.

"आजोबा, हा ढीग नेऊ का उचलून?" झाडवाल्याने विचारलं.

घड्याळजी ढिगाकडे बघत राहिले. त्या झाडाची सावली दुकानाच्या काचेवर कुठवर सरकली यावरून ते दुपारचा चहा ठरवत आले होते. साऱ्या गावाची घड्याळं दुरुस्त करणारा माणूस स्वतः मात्र वेळ झाडाला विचारतो, असं बायको म्हणायची.

"राहू दे," ते म्हणाले.

"एवढ्याचं करणार काय?"

"काही नाही. राहू दे."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ताई आली.

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. तिचं सगळं आयुष्य एका बेकरीत गेलं होतं. खाली भट्टी आणि वर माडीवर तिचं बिऱ्हाड. मालक थकला, भट्टी विझली, माडी रिकामी करावी लागली. तिचा मुलगा दूरच्या शहरात राहायचा आणि आईसाठी त्याने एक खोली तयार करायला घेतली होती. ती होईपर्यंत चार दिवस भावाकडे, असा बेत होता. ट्रंक रिक्षावाल्याने उतरवली, पण मांडीवरची कापडी पिशवी ताईने कुणाच्या हाती दिली नाही. तान्हं मूल आणावं तशी ती छातीशी धरून आत आली.

"हे काय आणलंस?"

"अळंबी."

घड्याळजींनी साहजिकच पिशवी उघडून पाहिली. आत प्लास्टिकच्या पाकिटात लाकडाचा भुसा होता, आणि पांढऱ्या तंतूंनी तो विटेसारखा आवळून धरला होता.

"ही तर बुरशी आहे."

"आधी अशीच असते. तू जन्मलास तेव्हा काय घड्याळजी दिसत होतास?"

बेकरीत रोज पाव न्यायला एक बाई यायची. तिच्या मागच्या अंगणात अळंबीचे वाफे होते. निरोपाला तिने हे पाकीट दिलं होतं, आणि बजावलं होतं की याला माती नको, लाकडाच्या ताज्या ढलप्या हव्यात, सावली हवी, ओल हवी, आणि कुणी सारखं ढवळायला नको. कुठे लावायची हा प्रश्न घेऊन ताई साऱ्या प्रवासभर बसली होती. अंगणातला ढीग दिसला तशी ती पायरीवरच थांबली.

"बारक्या," ती म्हणाली. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला या जगात आता बारक्या म्हणणारं एवढं एकच तोंड उरलं होतं. "तू माझ्यासाठी आधीच तयारी करून ठेवलीस की."

"म्हणजे तू माझ्या अंगणात कुत्र्याच्या छत्र्या लावणार."

"कुत्र्याच्या नव्हे, माणसांच्या. रुजली की एक वेळची भाजी करून खाते आणि लेकाकडे निघते. तोवर तुझ्या डोक्याला माझा ताप."

"ताप कसला," घड्याळजी म्हणाले. त्यांना आणखी काही बोलायचं होतं, पण त्यांची वाक्यं एवढ्यावरच संपायची.

मागच्या भिंतीलगत, जिथे सकाळचं कोवळं ऊन यायचं आणि मग दिवसभर सावली असायची, तिथे ताईने वाफा केला. दुकानातले रिकामे पुठ्ठ्याचे खोके तिने फाडून, भिजवून खाली अंथरले. ढलप्या पिंपात बुडवून ठेवल्या होत्या, त्या निथळून त्यावर पसरल्या. मग पाकिटातला तो पांढरा भुसा ती बोटांनी कुस्करत गेली आणि ढलप्यांवर पेरत गेली. पुन्हा ढलप्या, पुन्हा भुसा, पुन्हा ढलप्या. तिचे हात कणकेत असल्यासारखे चालत होते, तळव्याच्या फुगीर भागाने दाबत, कडा आत वळवत. शेवटी तिने वरून पेंढा पसरला आणि कणकेच्या गोळ्यावर ओलं फडकं टाकून थोपटावं तसं त्याला थोपटलं.

"आता उघडायचं नाही," ती म्हणाली.

"बरं."

"मी भिंतीला नाही सांगत. तुला सांगते."

"बरं म्हटलं ना."

"कणीक फुगताना बघितली की रुसते. हेही तसंच समज."

घड्याळजींनी तीन-चार दिवस कसेबसे काढले. मग एका दुपारी ताईचा डोळा लागला होता. तेही संध्याकाळच्या खोलीत पडले होते, ना झोप ना जाग अशा अवस्थेत. त्या गुंगीत त्यांना वाटलं की अंगणात काहीतरी चालू झालंय. आवाज नव्हता. पण आयुष्यभर टिकटिक ऐकलेल्या कानांना आवाज न करता चालणारं यंत्रही कळतं. ते उठले, भिंग घेतलं, अनवाणी मागच्या अंगणात गेले आणि वाफ्यापाशी गुडघे टेकून त्यांनी पेंढा बाजूला केला.

मूठभर ढलप्या त्यांनी उजेडात धरल्या. एका ढलपीवरून दुसरीवर पांढरे तंतू गेले होते. घड्याळाच्या पोटात जी केसासारखी स्प्रिंग असते तिच्याहून बारीक. काही ठिकाणी ते पंख्यासारखे पसरले होते, काही ठिकाणी एकमेकांत पिळून दोरा झाला होता. लाकडाला लाकूड शिवत चाललेला तो दोरा बघता बघता घड्याळजींना वाटलं, हे एक असं यंत्र आहे की ज्याला झाकण नाही, तबकडी नाही आणि चावी द्यायला कुणी लागत नाही. ओल्या ढलप्यांतून पावसाळी रानाचा वास येत होता. आपण किती वेळ असे बसलो आहोत हे त्यांना कळलं नाही.

तेवढ्यात घरातून ताईच्या खोकल्याचा आवाज आला. ते दचकले. पेंढा घाईघाईने सारखा केला, पण हातातली मूठ हातातच राहिली, म्हणून ती खिशात कोंबली.

"काय करतोस तिकडे?"

"हवा खातोय."

खिसा रिकामा करायला ते नंतर पाण्याच्या टाकीमागे गेले. तिथला नळ कायम ठिबकायचा. ओल्या जमिनीवर झाडवाल्याच्या यंत्राने उडवलेल्या ढलप्या पडल्याच होत्या, त्यांत या मिसळून गेल्या. कुणाला कळणार, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

घर हळूहळू बदलत होतं. ताई बेकरीच्या वेळेने उजाडायच्या आधी उठायची आणि कुणाशी तरी बोलायला लागायची, कधी चुलीशी, कधी कपबशीशी, कधी न उठलेल्या भावाशी. मिठावरून त्यांची वादावादी व्हायची. "तुझ्या घरात जेवायचं कधी हे विचारायचं कुणाला? एक घड्याळ म्हणतं नाश्ता कर, दुसरं म्हणतं झोपायची वेळ झाली," ती म्हणायची. पाव भाजायची, आणि त्याचा वास जिना चढून दुपारच्या घड्याळापाशी जाऊन थांबायचा. घड्याळजी फार बोलत नसत, पण जेवताना आता त्यांच्या ताटासमोर कुणीतरी बसलेलं असे. बायको गेल्यापासून ते ताट ओट्यावरच ठेवून उभ्याने जेवत होते, ते ताईने पहिल्याच दिवशी बंद केलं होतं.

एकदा ताईच्या मुलाचा फोन आला. ताईला ऐकू कमी यायचं म्हणून ती फोन मोठ्याने लावायची.

"आई, खोलीला रंग दिला. तुला आवडतो तो फिका निळा. कधी येतेस?"

"अळंबी येऊ दे रे. एक वेळची भाजी खाते आणि निघते."

"बाजारात मिळते आई अळंबी."

"बाजारात सगळंच मिळतं," ताई म्हणाली.

घड्याळजी खिडकीशी बसले होते. त्यांच्या मनात एक लहानसं दातेरी चाक फिरलं आणि दुसऱ्या चाकात जाऊन अडकलं. अळंबी आली की ताई जाणार. म्हणजे अळंबी आली नाही तर.

त्यांनी तो विचार तिथेच झाकून टाकला. पण आपण झाकलेलंही उघडून बघणारे आहोत, हे त्यांना ठाऊक होतं.

त्या दिवसापासून ते दुपारी वाफ्याकडे जायला लागले. आधी भिंगातून बघत. बघण्यात खोटं काही नव्हतं, ते दोरे बघताना त्यांचं भान खरोखरच हरपत असे. मग मात्र जिथे दोरे सगळ्यात दाट झाले असतील तिथली मूठ उचलत, खिशात घालत आणि अंगणात कुठेतरी टाकून येत. कधी न्हाणीघराच्या पाण्याच्या पाटाकडेला, कधी मागच्या पायरीखाली, कधी फाटकापाशी, कापलेल्या झाडाच्या बुंध्याभोवती. विखुरलेल्या ढलप्यांत त्या दिसूनही येत नसत. घरात परत आले की ताई पावाचा कडक भाजलेला शेवटचा तुकडा त्यांच्यापुढे सारायची, कारण लहानपणापासून त्यांना तोच आवडायचा. ते तो खिडकीकडे तोंड करून खात.

रात्री त्यांना स्वप्नं पडायची. वाफ्यातले पांढरे दोरे पुठ्ठ्यातून खाली उतरायचे, घराच्या पायाखालून जायचे, भिंतीतून वर चढायचे आणि एकेका घड्याळात शिरायचे. मग सगळे काटे हलायला लागायचे, अगदी सावकाश. जिन्यातली दुपार उतरून स्वयंपाकघरात यायची. बायको हातात चावी घेऊन घड्याळांसमोर उभी असायची आणि म्हणायची, "अहो, यांना आता माझी गरजच नाही." तिच्या आवाजात तक्रार नसायची. जाग आली की ते छताकडे बघत पडून राहायचे. खालून ताईचं कपबशीशी बोलणं ऐकू यायचं.

एक गोष्ट मात्र त्यांच्या बोटांना खटकत होती. पेंढ्याखाली हात घातला की वरच्या ढलप्या कोरड्या लागायच्या.

"वाफ्याला पाणी घालतेस ना?" त्यांनी एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं.

"घालते की. सकाळीच घालते."

"ऊन कडक आहे यंदा," घड्याळजी म्हणाले. जास्त विचारायची त्यांची छाती नव्हती. वाफा कोरडा आहे हे तुला कसं कळलं, असं तिने विचारलं असतं तर?

उन्हाळा सरला, आभाळ खाली आलं, हवेत गारवा आला, तरी वाफ्यावर काही दिसेना. ताई सकाळी त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहायची. एके दिवशी जेवताना ती म्हणाली,

"नाही रुजलं बघ. रविवारी लेक गाडी घेऊन येतोय. परवाच फोन आला. ये म्हटलं."

घड्याळजींनी ताटातला पावाचा शेवटचा तुकडा उचलला.

"आणि वाफ्याचं?"

"अंगण ज्याचं, वाफा त्याचा. किती दिवस खोली रंगवून ठेवायची त्याने? मीही किती दिवस तुझ्याकडे तंगड्या पसरून बसायचं?"

"बसलीस तर काय झालं," असं त्यांच्या मनात आलं. तोंडातून निघालं ते एवढंच, "पाव आणखी आहे का?"

त्या दुपारी ते वाफ्यापाशी गेले तेव्हा त्यांनी भिंग नेलं नाही. इतके दिवस आपण तिला धरून ठेवलंय असं त्यांना वाटत होतं, आणि धरून काहीच ठेवलेलं नव्हतं. ती जाणार होतीच. हातून गेला तो फक्त वाफा. निरोपाला मिळालेली तिची एकुलती एक भेट, तिने छातीशी धरून आणलेली, आपण मुठीमुठीने उचलून टाकली. ते उठले आणि टाकीवरून तांब्या-तांब्याने पाणी आणून पेंढ्यावर ओतत राहिले, थरथरत्या हातातलं निम्मं पाणी पायजम्यावर सांडत. दुसऱ्या दिवशीही घातलं, तिसऱ्या दिवशीही. मग आभाळच भरून आलं आणि झिमझिम पाऊस लागला, थांबायचं नाव न घेणारा, स्वतःशीच बोलल्यासारखा.

शनिवारी सकाळी पाऊस उघडला. घड्याळजी अजून अंथरुणात होते. फाटकाकडून ताईचा आवाज आला. ओरडणं नव्हतं ते. बेकरीत भट्टीचं दार उघडून आत बघताना तिचा आवाज जसा खाली यायचा, तसा होता.

"बारक्या. जरा बाहेर ये."

बुंध्याभोवती अळंब्या उगवल्या होत्या. काही मुठीएवढ्या गोल, काही बशीएवढ्या उघडलेल्या. रंग तांबडा, त्यात जांभळी झाक, वर पावसाचे थेंब. जाड पांढरे देठ ढलप्या बाजूला सारून वर आले होते. ओल्या सकाळीत त्या इतक्या गुपचूप उभ्या होत्या की मध्येच आपण आलो याचीच लाज वाटावी.

 ताई पाटाच्या कडेने चालायला लागली. तिथेही होत्या, ओळीने. मागच्या पायरीखालून दोन डोकावत होत्या. टाकीमागे तर घोळका होता. ज्या वाटेने घड्याळजी उन्हाळाभर खिशात हात घालून हिंडले होते, ती सगळी वाट तांबड्या टोप्यांनी आखून ठेवली होती. ताई पुढे आणि ते मागे, अशी दोघं त्या वाटेने फिरली. शेवटी ती वाफ्यापाशी थांबली. वाफ्यावर एकही नव्हती.

"इथे लावली, आणि तिथे कशी आली?"

"वाऱ्याने गेली असेल."

"वारा खिशात हात घालून चालतो का?"

घड्याळजींनी खिशातला हात बाहेर काढला.

"तुझे पायजमे धुतं कोण?" ताई म्हणाली. "खिसे उलटे केले की ढलप्या. दर वेळी. मला वाटलं, म्हाताऱ्याला लाकूड खायची सवय लागली की काय."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोललास?"

 घड्याळजींनी खाली वाकून टाकीमागची एक अळंबी देठासकट हलकेच पिळून काढली आणि सवयीने भिंग डोळ्याला लावलं. देठाच्या वरच्या भागाला एक जाड पांढरं कडं होतं, आणि त्या कड्याला चक्क दाते होते. सारख्या अंतरावर, नीट कापलेले.

"ताई," ते म्हणाले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज मोकळा निघाला. "हिच्या गळ्यात चाक आहे."

"तीच खूण आहे. त्या बाईने सांगितलं होतं, देठाला दातेरी कडं असतं म्हणून. पण तेवढ्यावर खायची नाही. टोपी पांढऱ्या कागदावर पालथी ठेवायची, वर वाडगं झाकायचं, रात्रभर हलवायचं नाही. सकाळी कागदावर गडद जांभळा ठसा पडला तर आपली. दुसरा कसला रंग पडला तर फेकून द्यायची."

संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद ठेवला, त्यावर टोपी ठेवली आणि वर काचेचं नव्हे, चिनी मातीचं वाडगं पालथं घातलं. ताईने मुद्दामच काचेचं घेतलं नाही. ट्रंक भरून दाराशी ठेवली होती. दोघं टेबलाच्या दोन बाजूंना बसली. बाहेर पुन्हा झिमझिम सुरू झाली होती. भिंतीवरचं घड्याळ सकाळ दाखवत होतं.

घड्याळजींचे हात मांडीवर होते. एकदा उजवा हात आपोआप टेबलावर आला. ताईने त्याच्याकडे पाहिलं. हात परत गेला.

"झाकलेलं आहे तोवर काहीही असू शकतं," ते म्हणाले. "म्हणून मला बघवत नाही. म्हणजे, न बघता राहवत नाही."

"ठाऊक आहे. लहानपणी माझ्या पोळ्यांचा डबा दहादा उघडायचास. निम्म्या गार तूच केल्यास."

"वाफा मी बिघडवला ताई."

"बिघडला कुठे? अंगणभर झाला."

"मला तसा नव्हता करायचा. मला वाटलं, आलीच नाही अळंबी, तर..." ते थांबले. वाडग्याच्या कडेवर एक बारीक तडा होता, त्याच्याकडे बघत राहिले. ताईने त्यांना मदत केली नाही. कणीक फुगायची वाट बघण्यात जिचा जन्म गेला, तिला गप्प बसता येत होतं.

"राहा ना," घड्याळजी म्हणाले.



"एवढंच होतं?" ताई म्हणाली. "दोन शब्द. त्यासाठी आख्खं अंगण पेरलंस."

तिने पदराने नाक पुसलं. मग घड्याळजींना काहीतरी आठवलं आणि ते हळूच म्हणाले,

"वाफा एवढा कोरडा कसा काय राहिला गं? तू तर रोज पाणी घालत होतीस."

"घालत होते की," ताई वाडग्याकडे बघत म्हणाली. "आठवेल तेव्हा."

भट्टीवर असताना हिच्या कणकेवरचं फडकं एकदाही सुकलं नव्हतं, हे साऱ्या बेकरीला माहीत होतं. घड्याळजींनाही माहीत होतं.  त्या रात्री ते झोपले ते थेट सकाळी उठले, आणि मधे एकदाही खाली येऊन त्यांनी वाडगं उचललं नाही.

सकाळी ताईने उचललं. टोपी बाजूला केली. कागदावर गडद जांभळं वर्तुळ उमटलं होतं, आणि मध्यापासून कडेपर्यंत शेकडो बारीक रेषा, एकीलाही दुसरी न चिकटलेली. एवढी सुबक तबकडी घड्याळजींनी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. तिला काटे नव्हते. ते भिंग लावून बघत राहिले, आणि ताई कढई तापत ठेवायला गेली.

मुलगा दुपारी पोचला. दाराशी ट्रंक बघून त्याने तीच आधी उचलली.

"ठेव ती खाली. हात धू," ताई म्हणाली.

अळंबी चांगली शिजवून, मिरी घालून भाजलेल्या पावावर वाढली होती. मुलाने आधी संशयाने हुंगली, मग तीनदा मागून घेतली.

"मामा, हे तुमच्या अंगणातलं?"

"मी फक्त टाकलं," घड्याळजी म्हणाले.

"आई, मग निघायचं ना? भाजी झाली की खाऊन."

"ही एक वेळची झाली. वाफ्यात बघ जाऊन, पेंढ्याखाली नखाएवढे दाणे आलेत. ती दुसऱ्या वेळची. आणि त्यांना पुढच्या वर्षी खायला नव्या ढलप्या घालाव्या लागतात. मामाला जमणार आहे का ते?"

मुलगा आईकडे बघत राहिला, मग मामाकडे. "मी खोलीला रंग दिलाय," तो जरा हिरमुसून म्हणाला.

"मग वाया जाऊ देते काय? थंडी कडक झाली की इथे काही उगवत नाही. तेव्हा येईन राहायला. मामालाही आणीन. तुझं भिंतीवरचं घड्याळ चालतंय ना?"

"चालतंय."

"आल्यावर तो उघडून बघेलच."

मुलगा हसला, आणि त्या हसण्यात त्याचा राग अर्धा विरघळला. राहिलेला अर्धा जाताना गाडीत सोबत घेऊन गेला असेल. ताईने त्याला एका डब्यात अळंब्याही बांधून दिल्या. ट्रंक मात्र दाराशी होती तिथून वरच्या खोलीत परत गेली. ती चढवताना घड्याळजी जिन्यात थांबले आणि दुपारच्या घड्याळाला त्यांनी चावी दिली. का दिली, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. ते चाललं, पण चुकीच्या वेळेपासून, आणि त्यांनी ते तसंच चालू दिलं.

जेवणानंतर ताईचा डोळा लागला. घर शांत झालं, जिन्यात फक्त एक टिकटिक. घड्याळजी भिंग घेऊन अनवाणी मागच्या अंगणात गेले, गुडघे टेकले आणि त्यांनी पेंढ्याचा एक कोपरा उचलला. गुलाबी-पांढरे दाणे ढलप्यांतून वर बघत होते.

"बारक्या," आतून झोपाळलेला आवाज आला. "झाकून ठेव."

"झाकतोय."

"आणि खिशात घातलंस ते उगीच टाकू नकोस कुठेही. जास्वंदीच्या पलीकडे जागा मोकळी आहे."

घड्याळजींनी पेंढा सारखा केला, वरून थोपटला, आणि खिशात हात घालून जास्वंदीकडे निघाले.